बाटलीत पिकअप मिळत नाही

टर्बो पेट्रोल किंवा हाय-कॉम्प्रेशन इंजिनाची गाडी दारात आली की पहिल्या महिन्याभरात मालकाला जे फुकट सल्ले मिळतात, त्यांत ऑक्टेन बूस्टरचा नंबर बराच वरचा असतो. मित्र सांगतो, अ‍ॅक्सेसरीजवाला सांगतो, आणि ट्यूनिंगच्या गॅरेजात तर काउंटरमागे बाटल्यांची रांगच मांडलेली असते. दर फुल टाकीला एक बाटली ओता, इंजिन मोकळं होईल, पिकअप वाढेल, आयुष्यही वाढेल, असा एकूण सूर. कोणी शंका काढलीच, तर त्याला ‘साध्या गाड्या चालवणारा’ म्हणून बाजूला बसवलं जातं.

बूस्टरवाल्यांचं म्हणणं नीट मांडायचं तर ते चार मुद्द्यांचं आहे. पहिला: कॉम्प्रेशन जास्त असेल तर ऑक्टेनही जास्त लागतो, आणि जितका जास्त तितकं बरं. दुसरा: बाटली ओतल्यावर फरक जाणवतो, हा आमचा अनुभव आहे. तिसरा: आपल्याकडचं पेट्रोल निकृष्ट, त्यामुळे बाटली ही चैन नसून गरज. चौथा: रीमॅप केलेल्या गाडीला तर पर्यायच नाही. यातला प्रत्येक मुद्दा कुठल्यातरी खऱ्या गोष्टीवर उभा आहे, म्हणूनच तो खोडायला हवा. निव्वळ थाप असती तर ती एव्हाना बाजारातून उठली असती.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचे तीन त्याच्याच जिवावर चालतात. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. तिच्या पुढे उरलेलं, अजून न जळलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने तापत असतं. ज्योत पोचण्याआधीच ते आपण होऊन पेटलं की दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि बाहेर धातूवर खिळा वाजवावा तसा आवाज येतो. हे नॉकिंग. ऑक्टेन क्रमांक म्हणजे आपण होऊन पेटण्याला इंधन किती विरोध करतं याचं माप. त्याचा इंधनातल्या ऊर्जेशी संबंध नाही. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा कितीतरी वर आहे, तरी एका लिटरमधली त्याची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच भरते. ऑक्टेन म्हणजे ताकद असती, तर असं झालं नसतं.

कॉम्प्रेशन वाढवलं की नॉकिंगचा धोका वाढतो, हे शंभर टक्के खरं. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी १९१९ च्या सुमारास चालू अवस्थेत कॉम्प्रेशन कमीजास्त करता येईल असं एक सिलिंडरचं इंजिन बांधलं आणि कोणतं इंधन किती दाब सोसतं हे मोजून दाखवलं. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य अशी फूटपट्टी सुचवली. आजही प्रयोगशाळेत तशाच धाटणीच्या एक सिलिंडरच्या इंजिनावर ऑक्टेन मोजतात. ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आणि आत येणारी हवा ५२ अंश सेल्सिअसला ठेवून चालवलं की आरओएन मिळतो. ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवून घेतलेला आकडा म्हणजे एमओएन. पंपावर आपण ‘९५ ऑक्टेन’ म्हणतो तो पहिल्या पद्धतीचा.

इथवर वाद नाही. ‘जितका जास्त तितकं बरं’ या शेपटीपाशी वाद सुरू होतो. इंजिन बांधतानाच त्याची गरज ठरलेली असते. ९५ साठी बांधलेल्या इंजिनाला ९५ मिळालं की त्याचं पोट भरलं. वरचे तीन-चार आकडे त्याच्या कामाचे नसतात, कारण ते वापरायला ठिणगी आणखी आधी पडायला हवी किंवा टर्बोने आणखी हवा कोंबायला हवी. यातलं काहीही बाटली करत नाही. ताप नसलेल्या माणसाने तापाची गोळी घेतली म्हणून तो जास्त निरोगी होत नाही, तसंच हे.

यावर दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा दाखला हमखास फेकला जातो. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलमुळे ब्रिटिश स्पिटफायर सरस ठरली, हे ऐकीव ज्ञान अर्धंच आहे. १९४० मध्ये रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळू लागलं हे खरं, पण त्याचबरोबर सुपरचार्जरचा दाब सहा पौंडांच्या आसपास होता तो बारा पौंडांवर नेण्याची मुभा देणारे बदलही इंजिनांत केले गेले. ताकद त्या वाढीव दाबातून आली. इंधनाने फक्त तो दाब सोसू दिला. दाब जुनाच ठेवून नुसतं शंभर ऑक्टेन ओतलं असतं, तर वैमानिकाच्या पदरात काही पडलं नसतं.

शिवाय, कॉम्प्रेशन रेशोचा आकडा एकटा बघून इंधन ठरवायचे दिवसही गेले. माझदाने युरोपात १४ला १ इतक्या रेशोची पेट्रोल इंजिनं विकली, आणि ती तिथल्या साध्या ९५ ऑक्टेनवर चालतात. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं की ते वाफ होताना आतली हवा थंड करतं. ज्वलनकक्षाचा आकार, व्हॉल्व्हची वेळ, एक्झॉस्टची रचना, या सगळ्यांनी मिळून नॉकिंग मागे रेटलेलं असतं. उलट ९.६ला १ रेशोचं टर्बो इंजिन जास्त नाजूक असू शकतं, कारण टर्बो हवा आधीच दाबून आणि तापवून आत पाठवतो. पोर्शेची १३.३ला १ ची जीटी३ ९८ मागते आणि माझदा ९५ वर भागवते. म्हणून ‘दहाच्या वर रेशो असेल तर बूस्टर लागतोच’ हा गॅरेजातला नियम फेकून द्यावा. गाडीच्या पुस्तिकेत आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर जो आकडा छापलाय, तोच नियम.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. ‘ओतली आणि गाडी पळाली’ असं सांगणारा माणूस बहुधा खोटं बोलत नसतो. पण त्याला जाणवलेल्या गोष्टीचं श्रेय बाटलीला द्यायचं का, हा प्रश्न वेगळा. आजच्या इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. सेकंदाला सहा-सात हजार कंपनांच्या टप्प्यातला नॉकिंगचा आवाज तो टिपतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, लगेच ठिणगी दोन-तीन अंश मागे घेतो. मग धोका टळला असं दिसलं की हळूहळू पुन्हा पुढे सरकतो. गाडीला आधी तिच्या गरजेपेक्षा कमी ऑक्टेनचं पेट्रोल मिळत असेल, तर ठिणगी सतत मागे ओढलेली राहते आणि इंजिन मरगळतं. अशा गाडीला योग्य इंधन मिळालं की ती मोकळी होते, हा फरक खरा आहे. पण तो गाडीची गेलेली ताकद परत मिळाल्याचा फरक आहे. कारखान्याने आखून दिलेल्या वेळेपलीकडे ईसीयू जात नाही. काही गाड्यांच्या ईसीयूतले ठिणगीचे नकाशे ९८ पर्यंतचा फायदा घेतील असे आखलेले असतात, तिथे ९८ देऊन थोडं जास्त मिळतं. तेही इंधनाने मिळतं, आणि ते पंपावर मिळण्याजोगं आहे.

उरलेला ‘फरक’ बहुतेक वेळा हवेचा असतो. दुपारी पस्तीस अंशांत गाडी चालवून बाटली ओतायची आणि पहाटे पंधरा अंशांत एक्स्प्रेसवेवर चाचणी घ्यायची, असा आपल्याकडचा प्रयोग. पस्तीसवरून पंधरावर येताना हवेची घनता साधारण सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढा जास्त प्राणवायू जातो, शिवाय थंड हवेत नॉकिंगही कमी होतं. एवढी वाढ कुठलीच बाटली देणार नाही, पण शाबासकी मात्र बाटली घेऊन जाते. त्याच डायनोवर, त्याच तापमानात, त्याच पंपाच्या पेट्रोलवर, आधी बाटलीशिवाय, मग बाटलीसह आणि मग पुन्हा बाटलीशिवाय घेतलेली नोंद जो दाखवेल, त्याच्याशी बोलायला अर्थ आहे. बुडाखालच्या सीटला जाणवलेल्या पिकअपवर वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

आता बाटलीवरच्या आकड्याकडे येऊ, कारण या धंद्यातली खरी हातचलाखी तिथे आहे. अनेक बाटल्यांवर ऑक्टेन तीस किंवा पन्नास ‘पॉइंट’ वाढतो असं छापलेलं असतं. ग्राहक समजतो, पंचाण्णवचा थेट सव्वाशे होणार. या बाजारात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दशांश. तीस पॉइंट म्हणजे तीन आकडे. तेही दाव्यानुसार, विक्रेत्याने स्वतःला सोयीच्या मूळ पेट्रोलवर आणि सोयीच्या टाकीच्या मापावर काढलेले. ‘तीस पॉइंट’च्या जागी ‘तीन आकडे’ असं छापलं, तर बाटल्या शेल्फवरच धूळ खात बसतील, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं.

मग आत असतं तरी काय? स्वस्त बाटल्यांत बहुधा रॉकेलसारखं पातळ वाहक तेल आणि त्यात थोडंसं सक्रिय द्रव्य. काहींत टोल्युइन, झायलीनसारखे अ‍ॅरोमॅटिक द्रव किंवा अल्कोहोल. टोल्युइन हे काही थोतांड नाही. रिकार्डो यांनी तर शंभर वर्षांपूर्वी इंधनं जोखायला टोल्युइनच मापदंड म्हणून वापरलं होतं. त्याचा आरओएन १२० च्या आसपास भरतो. म्हणून हिशोब करून बघू, आणि बाटलीवाल्याला पूर्ण सवलत देऊन करू: ३०० मिलीच्या बाटलीत नखशिखांत शुद्ध टोल्युइनच आहे असं धरू. टाकीत ५० लिटर ९५ ऑक्टेनचं पेट्रोल. ५० गुणिले ९५ आणि ०.३ गुणिले १२० यांची बेरीज करून ५०.३ ने भागलं की उत्तर येतं ९५.१५. एका आकड्याचा सातवा भाग. नॉक सेन्सरला त्याचा पत्ताही लागणार नाही. याच टोल्युइनने ९५ चे ९७ करायचे असतील, तर ५० लिटरच्या टाकीत चार लिटर टोल्युइन लागेल. म्हणजे अशा द्रवाच्या छोट्या बाटलीने दोन-तीन आकडे वाढतील हे गणिताला मान्य नाही, जाहिरातीला असेल.

छोट्या बाटलीतून खरोखर मोजता येण्याजोगी वाढ हवी असेल तर धातू लागतो. मँगनीजचं एमएमटी नावाचं संयुग, किंवा लोहाचं फेरोसिन. एमएमटीचं लिटरमागे काही मिलिग्रॅम मँगनीज पुरतं आणि साध्या पेट्रोलचा ऑक्टेन त्याने एखाद-दुसऱ्या आकड्याने वर जातो. मूळ पेट्रोल आधीच चांगल्या ऑक्टेनचं असेल तर वाढ आणखी कमी मिळते. म्हणजे ज्या गाडीचा मालक महागडं इंधन भरून वर बाटलीही ओततो, त्याला ती सगळ्यात कमी देते.

शिवाय मँगनीज जळून नाहीसं होत नाही. त्याचं ऑक्साइड होतं आणि ते ज्वलनकक्षात, स्पार्क प्लगवर, ऑक्सिजन सेन्सरवर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या तोंडावर बसत जातं. प्लग काढून बघितला तर मधल्या चिनी मातीच्या टोकावर लालसर-विटकरी भुकटीचा थर दिसतो. आपल्याकडचा जुना मेकॅनिक प्लगचा रंग बघून इंजिनाची प्रकृती सांगतो. कोरडा तपकिरी रंग म्हणजे मिश्रण झकास, पांढरा पडला तर इंजिन तापतंय, काळा झाला तर पेट्रोल जास्त जातंय. एमएमटी वापरलेल्या गाडीत हा कौलच लागत नाही, कारण इंजिन आतून तापत असलं तरी विटकरी भुकटी ते झाकून टाकते. फेरोसिनचा लोखंडी थर तर विजेला वाट देतो, मग ठिणगी टोकाशी पडण्याऐवजी थरावरून निसटते आणि मिसफायर सुरू होतो. गाडीच्या भल्यासाठी ओतलेल्या बाटलीने गाडीच आजारी पडावी, याला काय म्हणायचं?

‘कंपन्या उगाच घाबरवतात’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. जगभरच्या वाहन उत्पादक संघटनांनी मिळून जी इंधन सनद तयार केली आहे, तिच्यात आधुनिक उत्सर्जन मानकांच्या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मँगनीज, लोह, शिसं असे धातू सापडताच कामा नयेत असं म्हटलंय. युरोपीय संघाने २०१४ पासून पेट्रोलमधल्या मँगनीजला लिटरमागे दोन मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा लागू झाला, आणि कन्व्हर्टर नीट काम करतोय की नाही यावर गाडी स्वतःच आणखी बारकाईने नजर ठेवू लागली. त्या कन्व्हर्टरवर दर टाकीला स्वखर्चाने भुकटी पेरायची, आणि मग चेक इंजिनचा दिवा लागला की सर्व्हिस सेंटरशी वॉरंटीवरून हुज्जत घालायची, यात शहाणपणा कुठला?

टाकीत धातू मिसळून नॉकिंग थांबवायची कल्पना आधी एकदा जगाने पुरती भोगली आहे. ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा गुण सापडला. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं हे त्यांना माहीत होतं, त्याचं पेटंटही त्यांनी घेतलं होतं. तरी बाजारात आलं ते शिसं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात विषबाधेने कामगार मेले, तेव्हा मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर चोळून आणि हुंगून दाखवलं. स्वतः त्यांना आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे रजा घ्यावी लागली होती. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीत बंद झालं, आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ मध्ये. मँगनीज हे शिशाइतकं घातक आहे असं माझं म्हणणं नाही. थोडासाच तर धातू आहे, त्याने काय होतंय, हे वाक्य मात्र नवीन नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

तिसरा मुद्दा, आपलं पेट्रोल निकृष्ट. दहा-पंधरा वर्षांपूर्वी यात दम होता. तेव्हा पंपावर ९१ मिळायचं, त्याआधी ८८, आणि युरोपसाठी बांधलेलं टर्बो इंजिन ९५ मागायचं. आज चित्र पालटलंय. २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोलचा आरओएन ९५ झाला आहे, असं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं. त्याच निवेदनात इथेनॉलचा ऑक्टेन १०८.५ च्या आसपास दिला होता. म्हणजे देशातलं सगळ्यात मोठं ऑक्टेन बूस्टर कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगरच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होतंय, आणि ते टाकीत आधीच पाच लिटरला एक लिटर या प्रमाणात पडलेलं आहे. इथेनॉलवर आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे. अ‍ॅव्हरेज घटतं, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील सोसत नाहीत, आणि ग्राहकाला साधं पेट्रोल निवडायची सोय जवळपास उरलेली नाही. ती भांडणं जरूर भांडावीत. पण त्यांत ऑक्टेन कमी असल्याची तक्रार बसत नाही, आणि बाटली त्यांतलं एकही गाऱ्हाणं मिटवत नाही.

ज्यांना ९५ हून जास्त ऑक्टेन खरोखर लागतो, त्यांच्यासाठीही पंपावर वाट आहे. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० आणलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे दोन्ही होती. दिल्लीत सुरुवातीचा दर लिटरला १६० रुपये होता. इतर कंपन्यांची ९७, ९९, १०० ची इंधनंही मोठ्या शहरांत मिळतात. निम्मी टाकी ९५ ची आणि निम्मी १०० ची भरली की ढोबळ हिशोबाने साडेसत्याण्णव मिळतात. महाग पडतं, कबूल. पण तिथे आकडा नोझलवर छापलेला असतो, आणि तो खोटा निघाला तर जाब विचारायला मानक आणि तेल कंपनी दोन्ही असतात. बाटलीच्या बाबतीत जाब कोणाला विचारणार?

इथे आणखी एक घोळ निस्तरायला हवा. अमेरिकन व्हिडिओ बघून आपले लोक ‘९१ हे तिकडचं प्रीमियम, आपल्याकडे ९५ म्हणजे मग रेसिंग फ्युएलच’ असं समजतात. किंवा उलट, ‘त्यांच्याकडे ९३ वर चालणाऱ्या गाडीला आपल्याकडे ९८ लागतं म्हणजे आपलं पेट्रोल वाईट’ असा निष्कर्ष काढतात. अमेरिकन पंपावर आरओएन आणि एमओएनची सरासरी छापतात. त्यांचं ९१ आपल्या मोजणीने ९५-९६ भरतं, आणि त्यांचं ९३ म्हणजे ९८ च्या आसपास. दोन वेगळ्या फूटपट्ट्यांवरचे आकडे शेजारी ठेवले की नसलेली तूट दिसू लागते, आणि ती भरायला बाटली हजर असते.

भेसळीचा मुद्दा उरतो, आणि तो गंभीर आहे. पेट्रोलमध्ये रॉकेल किंवा स्वस्त सॉल्व्हंट मिसळलं तर ऑक्टेन घसरतो. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं आणि वरचं पेट्रोल ऑक्टेन गमावून बसतं. पण अशा टाकीत बाटली ओतणं म्हणजे किती घसरलंय ते माहीत नाही आणि किती चढवतोय तेही माहीत नाही. पाण्याचा थर तर कुठल्याच बूस्टरने जात नाही, त्याला टाकी उपसावी लागते. भेसळीवर उपाय पंप बदलणं, पावती ठेवणं, तक्रार करणं हाच. पंपावर घनता तपासून मागायचा आणि फिल्टर पेपरची चाचणी घ्यायचा ग्राहकाला हक्क आहे. तो वापरायचा सोडून आपण बाटलीवर पैसे घालतो, आणि भेसळ करणारा सुखाने झोपतो.

चौथा मुद्दा सगळ्यात वजनदार, म्हणून शेवटी घेतला. रीमॅप केलेली गाडी. टर्बोचा दाब वाढवला, ठिणगी पुढे घेतली, की ऑक्टेनची गरज खरोखर वाढते. ९५ वर आखलेलं इंजिन आता ९८ किंवा १०० मागू शकतं. इथे बूस्टरवाल्यांचं निदान बरोबर आहे. उपचार मात्र धोक्याचा आहे. जो नकाशा बाटली ओतली तरच सुरक्षित राहतो, तो नकाशाच चुकीचा. एक दिवस बाटली विसरते. कोकणातून परत येताना टाकी भरावी लागते आणि जवळ बाटली नसते. बाटलीतल्या द्रव्याचं प्रमाण दर खेपेला तेच आहे याची खात्री नसते. नॉक सेन्सर ठिणगी मागे घेऊन बराच सांभाळ करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. घाटात भर दुपारी पूर्ण टर्बोवर गाडी रेटली की पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, आणि मग इंजिन खोलण्याचं बिल बघून बाटल्यांवर किती वाचवलं याचा हिशोब करत बसावं लागतं.

जबाबदार ट्यूनर नकाशा हातातल्या पेट्रोलवर बांधतो, थोडी ताकद हातची राखून. पुण्या-मुंबईत राहणारा आणि रोज १०० ऑक्टेन भरणारा गिऱ्हाईक असेल तर त्यासाठी वेगळा नकाशा, आणि दौऱ्यावर निघताना परत साध्यावर यायची सोय. ट्रॅकवर किंवा ड्रॅगला उतरायचं असेल तर त्या दिवसापुरतं प्रमाणित रेस फ्युएल. हे सगळं महाग आहे, पण मोजलेलं आहे. ‘स्टेज टू करतो, फक्त बूस्टर टाकत राहा’ असं सांगणारा ट्यूनर आपल्या कामाची जोखीम गिऱ्हाइकाच्या स्मरणशक्तीवर ढकलतोय.

याच गाड्यांत आणखी एक दुखणं आढळतं, आणि त्यावरही बाटली खपवली जाते. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर जोरात पाय दिला की कधी कधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि जबरदस्त ठोका बसतो. हे नेहमीचं नॉकिंग नव्हे. यात बहुधा इंजिन ऑइलचे थेंब आणि साचलेला कार्बन यांचा हात असतो, आणि ऑक्टेन वाढवून ते हमखास थांबत नाही. त्यासाठी ऑइलची घडणच बदलावी लागली. २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जात याची चाचणीच घातलेली आहे. म्हणजे उपाय दोन: पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचं ऑइल वेळेवर बदलणं, आणि गिअर खाली घेऊन मग पाय देणं. दुसरा तर फुकट आहे. तसंच ‘व्हॉल्व्हवरचा कार्बन साफ होतो’ हा दावा. निव्वळ डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही, ते सरळ सिलिंडरमध्ये जातं. जिथे बाटलीतला थेंब पोचतच नाही, तिथली घाण तो काय धुणार?

मग बाटलीला जागाच नाही का? आहे, पण फार थोडी. नॉक सेन्सर नसलेली जुनी हाय-कॉम्प्रेशन गाडी असेल, तिची ठिणगी आधीच सुरक्षित मर्यादेपर्यंत मागे घेतलेली असेल आणि तरी चढावर ठोके ऐकू येत असतील, तर धातू नसलेलं, घटक आणि प्रमाण स्पष्ट लिहिलेलं द्रव्य कामाचं ठरू शकतं. आडगावी नाइलाजाने कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरावं लागलं तर एखाद्या टाकीपुरतं चालेल, पण त्याहीपेक्षा पाय हलका ठेवून पुढच्या चांगल्या पंपापर्यंत पोचणं सोपं आणि स्वस्त. दर टाकीला एक बाटली, हा रिवाज मात्र यांतल्या कुठल्याच कारणात बसत नाही.

शेवटी मागणी एवढीच, आणि ती विकणाऱ्यांकडे आहे. ‘पॉइंट’ची भाषा सोडा. अमुक आरओएनच्या इतक्या लिटर पेट्रोलमध्ये ही बाटली ओतली तर आरओएन इतका होतो, हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालासह बाटलीवर छापा. मँगनीज किंवा लोह असेल तर लिटरमागे किती मिलिग्रॅम पडतं तेही छापा, आणि कन्व्हर्टरवर परिणाम होत नाही असा दावा असेल तर तो लेखी द्या. पंपावरच्या इंधनाला हे सगळे नियम लागू आहेत. त्याच टाकीत ओतायच्या आणि लिटरच्या हिशोबाने त्याच्या कितीतरी पट दराने विकल्या जाणाऱ्या द्रवाला ते का नकोत? एवढी माहिती देणारा माल बाजारात आला, तर त्याची गुणवत्ता तपासून मी आनंदाने वाद मागे घेईन. तोवर गाडीवाल्यांनी झाकणाच्या आतला आकडा वाचावा, तेवढ्या आकड्याचं पेट्रोल भरावं, आणि बाटलीचे पैसे चांगलं ऑइल आणि वेळेवर बदललेले प्लग यांवर खर्च करावेत. त्यातला रुपया कुठे गेला, हे निदान सांगता येतं.